पायाशी पडलेल्या पांढऱ्या पुंगळ्या

आमच्या चांदमारीवर उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडायचं काम माझं. नेमबाजी संपली, लोकांनी पोटं भरली, गाड्या धूळ उडवत खोऱ्याच्या तोंडाकडे गेल्या, की मी झाडू घेऊन छपराखाली उतरते. झाडूइतकं खरं बोलणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. कोण कुठं थुंकला, कोण कुणाच्या शेजारी गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिला, झाडूला सगळं कळतं.

त्या शनिवारी झाडूला पांढऱ्या पुंगळ्या लागल्या.

पिवळ्या पितळी पुंगळ्यांच्या ढिगात त्या अशा चमकत होत्या, जसे म्हाताऱ्याच्या तोंडात नवे दात. मी वाकून एक उचलली. कंबर कुरकुरली, पण संशय आला की माझी कंबर वय विसरते. आणि त्या पडल्या होत्या कुठं, तर नोलनच्या जागेवर. बरोबर त्याच्या बुटांच्या खुणांभोवती.

आता हे सांगायला हवं, की पिस्तुलाची गोळी दोन तऱ्हेची. एक मढवलेली. शिशावर तांब्याचा अंगरखा, टोक गोल. स्वस्त असते, आणि कितीही जुन्या पिस्तुलात न अडकता सरकते. दुसरी पोकळ, तिच्या टोकाला खळगा. अंगात शिरली की उमलते आणि बहुतेक तिथंच बसते, आरपार जाऊन भिंतीपलीकडं निजलेल्या लेकराला लागायची भीती कमी. म्हणून घरासाठी नि रस्त्यासाठी पोकळ, आणि कागदाच्या निशाणासाठी मढवलेली. आमच्याकडं पोरींना वेणी घालायला शिकवतात त्याच वयात हे शिकवतात. पोकळ गोळीवाले कारखाने पुंगळीला बहुतेकदा पांढरा मुलामा देतात. तेव्हा पांढरी पुंगळी म्हणजे पोकळ गोळी, असं समजायला शाळा लागत नाही. मी सहावीत शाळा सोडली आणि मला समजलं.

आणि डेन्झिलच्या शर्यतीत पोकळ गोळी चालत नाही.

डेन्झिल माझा नवरा. कोळशाच्या खाणीनं त्याची फुप्फुसं खाल्ली, उरलेल्या श्वासावर त्यानं ही चांदमारी उभी केली. मे महिन्याच्या शेवटी, थडग्यांवर फुलं वाहायचा रविवार येतो, त्याच्या आदल्या दिवशी ही शर्यत. नियम त्याचेच. सगळ्यांनी मढवलेलीच गोळी झाडायची. ज्याच्याकडून पोकळ झाडली गेली तो बाद, आणि मान त्याच्या मागच्याला. जो जिंकेल त्याच्याकडं डेन्झिलचं पिस्तूल वर्षभर राहील, पण ते खोऱ्याबाहेर रात्रीला राहणार नाही. डेन्झिल जाऊन बरीच वर्षं झाली, नियम मात्र माझ्या जिभेवर जिवंत आहेत.

यंदा पिस्तूल माझ्या नातीनं, लेशानं जिंकलं. आणि दुसरा आला हा नोलन, लेशाचा ओहायोचा मित्र. नदीपलीकडचा सपाट मुलखातला गडी, सुतारकाम करतो, बोलतो कमी, हसतो त्याहून कमी. गेल्या रविवारी माझ्या ओसरीवर टोपी हातात घेऊन आला आणि म्हणाला, "मिस आर्वेला, लेशाशी लग्न करायचं आहे, तुमची परवानगी हवी." मी म्हटलं होतं, शर्यत होऊ दे, पुढच्या रविवारी थडग्यांपाशी जेवताना उत्तर देईन. लेशाला आईबाप नाहीत. तिला मी वाढवलं. माझ्या हो-नाहीवर ती पोर अडून बसली होती.

आणि आता माझ्या एप्रनच्या खिशात पांढऱ्या पुंगळ्या होत्या. फसवणूक करूनही दुसरा आलेला माणूस. चोर तो चोर, वर आळशी.

डेन्झिलचा भाऊ हॉबर्ट टेबलाशी उरलेली कॉफी पीत होता. शर्यतीत हाकारे तोच घालतो, गुणही तोच मोजतो. मी पुंगळ्या त्याच्यापुढं टाकल्या.

"हे बघ. तुझ्या डोळ्यांसमोर."

त्यानं चष्मा वर केला. "वहिनी, पांढरी पुंगळी दिसली म्हणजे पोकळच गोळी असं नाही. लोक पुंगळ्या पुन्हा भरतात. पांढऱ्या पुंगळीत मढवलेली बसवली असेल."

"ओहायोचा तो पोरगा काडतुसं भरतो? त्याला सकाळी अंडं उकडता येत नाही. त्यानं दुकानातली खोकी आणली होती, माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आतली काडतुसं सगळी पिवळी. मग या कुठल्या बिळातून आल्या? आणि बूड बघ. भरलेल्या पुंगळीवर ओरखडे असतात. ह्या बाळाच्या गालासारख्या आहेत."

हॉबर्टनं बूड पाहिलं आणि कॉफीच्या कपात तोंड घातलं. त्यानं कपात तोंड घातलं की समजावं, मी बरोबर आहे.

"पण पोकळ आणून त्याला मिळणार काय होतं?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की राग नीट पेटतो.

"मिळतं ना. गोळीचं सुकाणू तिच्या बुडाशी असतं. मढवलेलीचं बूड उघडं, शिसं दिसतं, कुठं कमी कुठं जास्त. पोकळ गोळीला तांबं बुडाकडून चढवतात, म्हणून बूड सरळ, घट्ट. ती जरा जास्त एका जागी जाते. शिवाय भोक बघ. गोल टोक कागद फाडत जातं, कडेला चिंध्या. पोकळ गोळीचं तोंड बोथट, ती कागद कापते, शर्टाच्या काजासारखं. भोक निशाणाच्या आतल्या वर्तुळाच्या रेघेला टेकलं की वरचे गुण. स्वच्छ भोक टेकलेलं दिसतं, चिंधीवालं दिसत नाही."

"म्हणजे दोन्हीकडून फायदा."

"थोडासा. नेम नसेल तर तोही नाही. माझ्या हातात सोन्याची गोळी दिली तरी मी निशाण सोडून धान्याचं कोठारच मारीन."

"तुला कोठार जरी लागलं तरी मी देवापुढं मेणबत्ती लावीन," मी म्हटलं, पुंगळ्या गोळा केल्या आणि निघाले.

नोलन खुर्च्या घडी घालून ट्रकमध्ये रचत होता. गळ्याशी ओला फडका धरलेला. ऊन लागलं असेल, ओहायोची कातडी. मी मूठ उघडली.

"या कुणाच्या?"

त्यानं माझ्या तळहाताकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं, मान जराशी हलली. मग पुन्हा तळहाताकडं.

"माझ्या असतील," तो म्हणाला.

असतील. आता पाहा, निर्दोष माणूस भडकतो. अपराधी माणूस सबबी सांगतो. हा नुसता होकार देत होता, जशी काही मी त्याला आणखी बीन्स वाढू का विचारलं होतं. होकार देणाऱ्या पुरुषावर माझा विश्वास नाही. माझ्या बहिणीचा नवरा सगळ्याला हो म्हणायचा, आणि एके दिवशी बसच्या थांब्यावरूनच टेनेसीला निघून गेला.

"पोकळ आहेत या."

"हो, मॅम."

"का आणल्यास?"

"भोक स्वच्छ पडतं म्हणून."

"आणि नियम?"

"चुकलं माझं."

"लपवून आणल्यास. टेबलावर एक दाखवलं, पिस्तुलात दुसरं भरलंस. जो माणूस कागदाला फसवतो तो बायकोला फसवायला किती वेळ घेईल? उद्या थडग्यांवर येऊ नकोस. डेन्झिलसमोर तुला जेवू घालणार नाही मी."

तो "बरं" म्हणाला. खुर्च्या मात्र त्यानं सगळ्या रचल्या, मगच गेला. हेही मला खटकलं. अपमान झालेला माणूस खुर्च्या रचत नाही.

मी वळले तर ओसरीवर लेशा उभी होती, डेन्झिलच्या पिस्तुलाची लाकडी पेटी छातीशी धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. मी वाट पाहिली, आता ही माझ्यावर तुटून पडेल. लहानपणी बिस्किटाच्या कडेवरून चुलतभावाचं नाक फोडलेली पोर आहे ही.

"काय, काही बोलायचंय?" मी विचारलं.

"नाही, मॅमॉ." आजीला ती मॅमॉच म्हणते. आणि आत गेली.

तिथं माझ्या संशयाला दुसरं शेपूट फुटलं. आपल्या माणसाचं लग्न माझ्या जिभेवर मोडतंय, आणि ही पोर माझ्याकडं बघत नाही. लाज वाटली असेल म्हणावं, तर लाज वाटल्यावर लेशा आरडाओरडा करते. आजीवरच गेली आहे.

सूर्य डोंगराआड गेला नव्हता, म्हणून मी पुन्हा छपराखाली गेले. निशाणाचे वापरलेले कागद हॉबर्ट चूल पेटवायला म्हणून खोक्यात ठेवतो, कोपऱ्यात ज्याचं त्याचं नाव आणि फेरी लिहून. मी नोलनचे कागद काढले. म्हटलं, बघू तरी त्याची ती स्वच्छ भोकं. उद्या कुणी विचारलं तर तोंडावर मारायला बरी.

एकही स्वच्छ भोक नव्हतं.

सगळ्या फेऱ्यांत कडेला चिंध्या. उजेडाकडं धरून पाहिलं, बोटानं चाचपलं. फाटलेला कागद, गोल टोकाचा, मढवलेला, गरिबाचा. पोकळ गोळी त्या कागदाजवळून गेली नव्हती. मग पुंगळ्या त्याच्या पायाशी पडल्या, आणि गोळ्या काय ओहायोला गेल्या?

मी तिथंच बाकावर बसले. पिस्तुलातून पुंगळी उडते ती उजवीकडं, जरा मागं. हे मला बाळंतपणाच्या कळांइतकं ठाऊक आहे. प्रत्येकाची पुंगळी शेजाऱ्याच्या पायाशी पडते, म्हणून तर पुंगळ्यांवरून भांडण नको, त्या सगळ्या आमच्या घराच्या, असा नियम आहे. आणि तरी मी ज्याच्या पायाशी मिळाल्या त्याच्याच मानल्या, कारण पाय ओहायोचे होते.

नोलनच्या डावीकडं कोण उभं होतं, ते मला आठवावं लागलं नाही.

लेशाच्या पहिल्या फेरीचा कागद हातात घेताना मी तो लगेच पाहिला नाही. आधी चिमणी बघितली, मग बांधावरचं गवत. मग पाहिला. भोकं शर्टाच्या काजासारखी. स्वच्छ, एकमेकांना चिकटलेली, दोन तर रेघेला जेमतेम टेकून वरचे गुण खाऊन बसलेली. दुसऱ्या फेरीपासून पुढं सगळ्या चिंध्या.

मी ते कागद एप्रनमध्ये घडी घालून ठेवले. घरात लेशा भांडी पुसत होती. आम्ही एकमेकींशी हवामानावर बोललो. दोघी खोटारड्या, आणि पावसाचा ढगसुद्धा नव्हता.

सकाळी चर्चला जायच्या आधी मी नोलनला फोन केला. "जेवायला ये," म्हटलं.

"तुम्ही काल म्हणालात की—"

"काल मी काय म्हटलं ते मला ठाऊक आहे. येताना स्वच्छ शर्ट घाल."

आमची थडगी टेकडीच्या माथ्यावर आहेत. लाकडी टेबलं कायमची तिथंच. बायांनी चादरी टाकल्या, बीन्स, मक्याची पोळी, तळलेली कोंबडी, केळ्याचं पुडिंग मांडलं. डेन्झिलच्या दगडावर मी लाल फुलं ठेवली. त्याला पिवळी आवडायची, पण लाल स्वस्त होती, आणि तो असता तर त्यानं लालच घेतली असती. दूरचे नातेवाईक आपापल्या मढ्यांपाशी पांगले होते. आमच्या टेबलाशी मी, हॉबर्ट, लेशा, आणि टोकाला नोलन, दंतवैद्याकडं बसल्यासारखा.

कॉलर त्यानं गळ्यापर्यंत लावली होती. एवढ्या उन्हात.

"वरचं बटण काढ," मी म्हटलं.

"काय, मॅम?"

"बटण. गुदमरशील."

त्यानं लेशाकडं पाहिलं. मग काढलं. मानेच्या डाव्या बाजूला कॉलरखाली लालभडक चंद्रकोर होती, पुंगळीच्या कडेएवढी. तापलेली पुंगळी कॉलरमध्ये शिरली की असाच डाग उठतो. आमच्या खोऱ्यात असा डाग प्रत्येकाच्या अंगावर कुठं ना कुठं आहे. माझा कुठं आहे ते सांगणार नाही.

"हॉबर्ट," मी म्हटलं, "माणसाची स्वतःची पुंगळी त्याच्या डाव्या मानेवर उडून बसते का?"

हॉबर्टनं कोंबडीची तंगडी खाली ठेवली. "उलटा उभा राहून झाडली तर बसेल, वहिनी. पण मग निशाणाच्या जागी मी असेन."

"लेशा. कमरेचं पिस्तूल काढ, त्यातलं गोळ्यांचं मॅगझिन काढ, टेबलावर ठेव."

लेशा डोंगरापलीकडं म्हाताऱ्यांच्या घरात रात्रपाळी करते. रस्ता निर्जन, म्हणून तिच्या कमरेला पिस्तूल असतं, आणि त्यात पोकळ गोळ्या असतात. मीच तसं सांगितलेलं. तिनं मॅगझिन काढून बीन्सच्या भांड्याशेजारी ठेवलं. वरचं काडतूस पांढरं चमकत होतं.

"काल मी कामावरून थेट आले," ती मॅगझिनकडं बघत म्हणाली. "उशीर झालेला. हॉबर्टआजोबा ओरडले, तयार व्हा. मी कमरेचं काढलं आणि झाडलं. बदलायचं राहिलं. फेरी संपल्यावर नवं मॅगझिन घातलं, तेव्हा कळलं आधीचं कुठलं होतं."

"ही चूक झाली. चूक मलाही होते, एकदा झालीय. मग हात वर करून सांगायला काय झालं?"

"सांगणार होते. पण भोकं बघितली, मॅमॉ. एवढी सुंदर माझी कधीच पडली नव्हती. पॅपॉचं पिस्तूल डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, पुढच्या फेऱ्यांत हरले तर सांगायची गरजच नाही. आणि मग जिंकले."

"आणि मी तुझ्या माणसाला ट्रकपाशी सोलून काढत होते तेव्हा?"

 बोलला तो नोलन.

"मीच तिला मान हलवून नको म्हटलं."

"तू गप्प. तुझी पाळी येतेय." मी त्याच्याकडं वळले. "तुझ्या मानेवर तापलेली पुंगळी बसली, पांढरी. तुला तेव्हाच कळलं असेल."

"हो."

"आणि माझ्या तोंडावर खोटं बोललास."

"मी म्हटलं, माझ्या असतील." तो सरळ बसला. "तुमच्याच नियमानं, पायाशी पडल्या तर माझ्या नाहीत, तुमच्या घराच्या. म्हणून 'असतील' म्हटलं."

हॉबर्ट खोकला की हसला, मी बघितलं नाही. पहिल्यांदाच त्या पोराच्या तोंडून तीन वाक्यं सलग ऐकत होते आणि त्यातलं एक धारदार होतं.

"'भोक स्वच्छ पडतं म्हणून,' हेसुद्धा नियमात होतं?"

"ते खोटं होतं."

"बरं. निदान मोजून खोटं बोलतोस." मी लेशाकडं पाहिलं. "हा तुझ्यासाठी माझ्याशी खोटं बोलला. तुला गोड वाटत असेल. मला नाही वाटत. जो तुझ्यासाठी खोटं बोलतो, त्याला खोटं बोलता येतं, एवढंच मला दिसतं. आणि तू, माझ्या हातची वाढलेली, दुसऱ्याला सोलू दिलंस आणि पेटी छातीशी धरून बघत राहिलीस. यातलं मला जास्त काय लागलं ते तू ओळख."

लेशाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिनं पडू दिलं नाही. ट्रकमधून लाकडी पेटी आणली आणि डेन्झिलच्या दगडावर, लाल फुलांशेजारी ठेवली.

"मी बाद," ती म्हणाली. "मान मागच्याला."

मागचा म्हणजे कोण, हे टेबलावर सगळ्यांना एकदम कळलं. सगळ्यात उशिरा नोलनला.

"नको," तो उठत म्हणाला. "मिस आर्वेला, ते तुमच्या घराण्याचं आहे. मी नाही घेऊ शकत."

"घेणाऱ्यावर माझा संशय असतो. न घेणाऱ्यावर दुप्पट. नियम माझ्या नवऱ्याचा आहे, तो इथं मातीखाली ऐकतोय. उचल."

त्यानं पेटी उचलली. सुताराचे हात, पेटीचा कोपरा आधी अंगठ्यानं तपासला, मग धरली. बिजागरी सैल आहे हे त्याला लगेच दिसलं असणार, पण बोलला नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"पण," तो म्हणाला, "हे खोऱ्याबाहेर रात्रीला राहत नाही ना? मी तर नदीपलीकडं राहतो. ठेवू कुठं?"

हॉबर्ट माझ्याकडं बघत होता. लेशा बघत नव्हती, म्हणजे तीच जास्त बघत होती. मी बीन्समध्ये मक्याची पोळी चुरली, सावकाश. एवढ्या वर्षांत या खोऱ्यातल्या माणसाशिवाय कुणी ते जिंकलं नव्हतं, म्हणून हा प्रश्न डेन्झिलला कुणी विचारलाच नव्हता. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"ओढ्याच्या वळणावरची जागा रिकामी आहे," मी म्हटलं. "दगड जास्त, सपाटी कमी. घर बांधता येत असेल तर बांध. छप्पर होईपर्यंत पिस्तूल माझ्या फडताळात, तुझ्या नावानं. आणि त्या घरात दुसरं कोण राहायचं ते तुम्ही दोघं ठरवा. माझं उत्तर मी दिलं, दोनदा देणार नाही."

लेशा उठून माझ्याकडं आली. मी तिला हातानं थांबवलं.

"तू आधी चर्चच्या पायरीवर उभी राहून शर्यतीला आलेल्या सगळ्यांना सांग, पिस्तूल दुसऱ्याकडं का गेलं ते. मग मिठी मार."

"बुधवारच्या प्रार्थनेला सांगते, मॅमॉ."

"बुधवारी चर्चला जास्त लोक नसतात. रविवारी."

नोलननं टेबलाशी बसून पुडिंगचा पहिला घास घेतला. मी त्याच्या हाताकडं बघत होते. उजव्या हातानं खातो, पण चमचा डाव्या हातानं उचलतो आणि मग बदलतो. असं का करतो ते कुणास ठाऊक. डोळा ठेवायला हवा.